रंगाऱ्याच्या घरातली एक खोली

रंगारीकाका आणि त्यांची बायको हा जोडा म्हणजे ओळखीच्या लोकांना कायमचा विनोद होता. बाई विद्यापीठात शेवाळाचा अभ्यास करायच्या. भिंतीवर, दगडावर, पन्हळीखाली जे हिरवं धरतं, त्याच्यावर त्यांची डॉक्टरेट. आणि काका त्याच विद्यापीठाच्या इमारतींना रंग द्यायचे, म्हणजे आधी तेच हिरवं पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढायचे. ‘ही वाढवते आणि तो खरवडतो, दोघांचंही काम मरेपर्यंत संपायचं नाही,’ असं लोक म्हणायचे. काका म्हणायचे, ‘घरात आमचं पटतं. काय भांडण आहे ते भिंतीवर.’

त्यातलं मरेपर्यंत तेवढं खरं झालं. बाई शेवटच्या आजारातही उशाशी भिंग ठेवून होत्या. त्या गेल्या त्याला आता एक हिवाळा उलटला होता. काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूर होता, फोन करायचा. फोनवर काका म्हणायचे, ‘मी ठणठणीत आहे, तुझं बघ.’ ठणठणीत होतेच. दात स्वतःचे, गुडघे स्वतःचे, शिडी स्वतःची.

एका दुपारी खारूताई आली. ही बाईंची शेवटची विद्यार्थिनी. नाव बाईंनीच ठेवलेलं, कारण ही मुलगी कुठेही गेली तरी खिशात काहीतरी भरून आणायची. सालीचा तुकडा, फुटकं कौल, ओला दगड. एकदा जेवायला बसताना तिच्या खिशातून गोगलगाय निघाली होती आणि बाईंनी तिला पानाच्या कडेला जागा करून दिली होती. त्या दिवशी मात्र खारूताईचे खिसे सपाट होते आणि हातात जड पिशवी होती. पिशवीत बाईंची पुस्तकं, एक भिंग आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट.

“हे परत द्यायला आले, काका.”

“का? तुझा प्रबंध लिहून झाला?”

“नाही.”

“मग चिखलात काय अनवाणी जाणार आहेस?”

“चिखलातच नाही जाणार आता. नोकरी धरतेय. कंपनी चांगली आहे.”

“कसली कंपनी?”

खारूताईने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “रंगाची. बाहेरच्या भिंतींना लावायचा रंग. म्हणजे... शेवाळ धरू नये असा.”

काका खो खो हसले. बाई गेल्यापासून असं हसू त्यांच्या तोंडातून निघालं नव्हतं, त्यामुळे त्यांचं त्यांनाच दचकायला झालं. “म्हणजे तू शेवाळाची सुपारी घेतलीस की गं!”

तीही हसली, पण हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती खुर्चीत बसली. मग एकेक निघालं. तिचा महिन्याचा भत्ता बाईंच्या प्रकल्पातून येत होता. बाई गेल्या, प्रकल्प बंद झाला, भत्ता थांबला. विभागाने नवे मार्गदर्शक दिले, ते भले आहेत, पण त्यांच्याकडे पैसे नाहीत. प्रयोगशाळेत लहान वर्गांना प्रात्यक्षिकं दाखवायचं थोडं काम तिला आहे. त्यातून जेवण निघतं, खोलीचं भाडं निघत नाही. घरमालकाने दोनदा दार वाजवलं. कंपनीला शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं.

“किती राहिलंय लिहायचं?”

“एक वर्ष. धड बसले तर.”

काकांनी पिशवी तिच्या हातातून घेतली नाही. “ही पिशवी तुझ्याकडेच राहू दे शुक्रवारपर्यंत,” ते म्हणाले. “उद्या आपण विद्यापीठाच्या मदत कक्षात जाऊ. तिथल्या भिंती मी तीनदा रंगवल्यात. मला आत सोडतील.”

ती गेल्यावर काकांनी दार लावून घेतलं. एक वर्ष राहिलंय, हे शब्द त्यांनी आधीही ऐकले होते.

बाई संशोधनाला लागल्या तेव्हा लग्न नवं होतं. पहिली दोन वर्षं बरी गेली. लहान वर्गांना शिकवायचं, त्याबदल्यात फी माफ आणि वर भत्ता. तिसऱ्या वर्षी ती जागा दुसऱ्याला गेली आणि बाई या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरायला लागल्या. कर्ज होतं, पण जामीन हवा होता, आणि रंगाऱ्याला जामीन कोण धरतो? वसतिगृहात देखरेखीचं काम होतं, राहायला खोलीही मिळायची, पण ते बिनलग्नाच्यांना. परीक्षेत पहारा द्यायचं काम होतं, पण परीक्षा काय रोज असतात? एका अर्जात ‘इतर आधार’ असा रकाना होता. बाईंनी तिथे लिहिलं, नवरा. खिडकीतल्या माणसाने ते खोडलं. आधार म्हणजे निधी, संस्था, मालमत्ता. माणूस चालत नाही.

बाई घरी येऊन म्हणाल्या, “अहो, तुम्हाला खोडलं.”

“मला? काय म्हणून?”

“माणूस चालत नाही म्हणे.”

“चालत नाही तर रांगतो म्हणावं.”

बाई इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरून कोणीतरी काठीने छत ठोकलं.

काकांकडे तेव्हा हाताखाली माणसं होती. स्वतःचे ठेके घ्यायचे. बाजारात नाव होतं. विद्यापीठाच्या बांधकाम खात्यात रंगाऱ्याची कायम जागा निघाली, पगार त्यांच्या कमाईच्या निम्मा. पण कायम नोकराच्या बायकोला फी माफ होती. काकांनी आपली माणसं दुसऱ्या ठेकेदाराकडे लावून दिली आणि नोकरी धरली. भाऊ म्हणाला, “घरचा राजा होतास, शिपाई झालास.” काका म्हणाले, “राणीची फी भरायची होती.” भाऊ म्हणाला, “बायकोच्या शेवाळापायी धंदा बुडवलास.” एका अर्थी ते खरं होतं.

नोकरांच्या चाळीत एक खोली मिळाली. खिडकीत बाईंचे शेवाळाचे ट्रे, खिडकीखाली काकांचे डबे. बाई पलंगावर मांडीवर फळी घेऊन लिहायच्या, काका जमिनीवर बसून ब्रश धुवायचे. लिहिलेलं वाचून दाखवायची बाईंची सवय. काकांना त्यातलं काही कळायचं नाही, पण वाक्य कुठे अडखळलं ते कळायचं. कधी डोळा लागला तर बाई पायाच्या अंगठ्याने ढोसायच्या. “झोपलात? परीक्षक काय म्हणतील?”

“परीक्षक म्हणतील, कष्टाचा माणूस आहे, झोपू द्या.”

ते दिवस चांगले होते. तेव्हा तसं वाटत नव्हतं. तेव्हा वाटायचं, एकदाचं हे संपू दे.

मदत कक्षातला अधिकारी चाळिशीचा, चष्म्याचा, सर्दी झालेला माणूस होता. त्याच्या पाठीमागच्या भिंतीचा फिकट पिवळा काकांनीच मिसळलेला होता. वरच्या कोपऱ्यात पोपडा धरला होता. तो बघून काकांचं बोलण्याकडे लक्ष लागेना. अधिकाऱ्याने खारूताईला नीट समजावून सांगितलं. शिकवण्याच्या जागा वर्षाच्या सुरुवातीला भरतात, त्या भरल्या. पाठ्यवृत्तीचे अर्ज पुढच्या सत्रात, मिळालीच तर पैसे त्याच्या पुढच्या सत्रात. तातडीची मदत एकदाच मिळते, ती तिने प्रकल्प बंद झाला तेव्हाच घेतली होती.

“कर्ज आहे,” तो म्हणाला.

“कर्ज नको,” खारूताई म्हणाली. “घरी आधीच धाकट्या भावाच्या शिक्षणाचं आहे. वडिलांना आणखी एका कागदावर सही करा म्हणवत नाही.”

अधिकाऱ्याने नाक पुसलं. “मग सहनिवास योजना राहते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी विद्यार्थ्याने राहायचं. खोली आणि जेवण त्यांचं. बदल्यात विद्यार्थ्याने बाजार, औषधं, दवाखाना असं बघायचं. वर आमच्याकडून थोडा भत्ता. फक्त सध्या यादीत एकही घर रिकामं नाही.”

“मी आहे की,” काका म्हणाले.

अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. काका त्या वेळी खुर्चीवरून उठून कोपऱ्यातला पोपडा नखाने तपासत होते.

“आजोबा, त्या माणसाला मदतीची खरी गरज असावी लागते. घर बघून मगच ठरतं. नाहीतर लोक भाडेकरू ठेवतात आणि भत्त्यात वाटा मागतात.”

“मग बघा की घर. कधी येता?”

“गुरुवारी सकाळी येतो.”

बाहेर व्हरांड्यात खारूताईने त्यांची बाही धरली. “काका, तुम्हाला कसली मदत लागते?”

“कसलीच नाही. पण तुला लागते ना?”

“म्हणजे खोटं बोलणार?”

“खोटं कशाला? जरासा लंगडेन.”

“मॅडमनी फाडून खाल्लं असतं तुम्हाला.”

“ती असती तर मला लंगडायची पाळी आली असती का?” काका म्हणाले आणि भराभर जिना उतरून गेले. ती मागे राहिली.

आता घरी साहेब येणार म्हटल्यावर माणूस काय करतो? कोणी झाडून घेतो, कोणी पडदे धुतो. रंगारी काय करणार? काकांनी माळ्यावरून डबे काढले, शिडी लावली आणि कामाला लागले. पहिल्या दिवशी बाहेरची खोली घासून, भेगांत लांबी भरून घेतली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर आणि बोळ. हात चालत होते तोवर डोकं शांत होतं. छताला पांढरा, भिंतींना उजळ, दारांच्या चौकटींना चकाकणारा तेलरंग. बुधवारी अंधार पडेपर्यंत जिन्याचा कठडासुद्धा उरकला. कित्येक महिन्यांत इतकं मन लागलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी खारूताई आली आणि दारातच थबकली. टर्पेंटाइनचा वास जिन्यात भरला होता.

“काका, हे काय केलंत?”

“साहेब येणार ना. घर कसं बरं दिसायला हवं.”

“अहो, ज्याला मदतीची गरज आहे तो माणूस एकटा तीन दिवसांत अख्खं घर रंगवतो का?”

काकांच्या हातातला ब्रश डब्यातच राहिला. त्यांनी छताकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं, लखलखणाऱ्या चौकटींकडे पाहिलं. एकेक हात असा बसला होता की त्यांच्या जुन्या मुकादमानेही टोपी काढली असती.

“हे लक्षातच आलं नाही गं,” ते म्हणाले.

खारूताई पायरीवर बसली आणि हसायला लागली. डोळे पुसले आणि परत हसली. “आता लंगडा तरी नीट!”

तेवढ्यात खालून अधिकारी वर येताना शिंकला.

काका लंगडले. पण आत येताना डाव्या पायाने लंगडले आणि पाणी आणायला गेले ते उजव्याने. अधिकारी बघत राहिला.

“आजोबा, दुखतो कोणता पाय?”

“आलटून पालटून.”

अधिकाऱ्याने कठड्याला हात लावला होता. त्याच्या चारही बोटांना तेलरंग लागला होता आणि तो ती बोटं अंगापासून दूर धरून दुसऱ्या हाताने लिहीत होता. बाजार कोण आणतं? मीच. जिना चढवतो? चढवतो. औषधं वेळेवर घेता का? औषधंच नाहीत. रात्री आधार लागतो? उजेड लागतो, तो मीच लावतो. आणि हे रंगकाम कोणाकडून करून घेतलंत? हा प्रश्न अधिकाऱ्याने सहज विचारला, पण काकांच्या जिवाला लागला.

“करून घेतलं?” ते ताठ उभे राहिले. “माझ्या घरात दुसऱ्याचा ब्रश?”

खारूताईने कपाळाला हात लावला.

अधिकाऱ्याने पेन बंद केलं. तो वाईट माणूस नव्हता. “आजोबा, तुमचा हेतू कळतो मला. पण ही योजना तुमच्याहून अडलेल्या लोकांसाठी आहे. कोणाला दिसत नाही, कोणाला उठवत नाही. मी काय लिहू?” मग नियम म्हणून त्याने विचारलं, “विद्यार्थ्यासाठी खोली कुठली दाखवणार होतात? तेवढी बघतो आणि निघतो.”

बोळाच्या टोकाचं दार काकांनी उघडलं. उघडताना कुरकुरलं, कारण बरेच दिवस त्याच्या बिजागऱ्यांना तेल मिळालं नव्हतं. आत बाईंची खोली होती. भिंती जुन्या, पिवळट पडलेल्या. शेल्फावर ट्रेच्या रांगा, प्रत्येकावर बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी. खिडकीखाली भिंतीला लागून एक लांब टेबल. जमिनीवर जुने कागद अंथरलेले आणि दाराशी रंगाचा एक डबा, न उघडलेला.

“ही एकच राहिली?” अधिकाऱ्याने विचारलं.

“रंगवायचं तर आधी सामान मधे ओढावं लागतं,” काका म्हणाले. “ते टेबल मला एकट्याला हलवता येत नाही.”

“जड आहे?”

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. काकांनाही ते कळत होतं. तीन दिवस ते अशाच एखाद्या शब्दाच्या शोधात होते. पण त्या खोलीत उभं राहून जमेना.

“जड नाही,” ते म्हणाले. “एका हाताने उचलेन. रसायनशाळेतून मोडीत निघालं होतं, आम्ही दोघांनी जिन्यावरून वर आणलं. खोली रंगवायची वेळ आली की एका बाजूला मी आणि एका बाजूला ती. कामावर माझ्या हाताखाली माणसं असायची, घरी हीच. कुरकुर करायची, माझे कागद हलवू नका म्हणायची, पण धरायची. आता मी रोज येतो. कागद अंथरतो. माझी बाजू धरतो. आणि म्हणतो, हं, धर गं. आणि थांबतो.”

 अधिकाऱ्याला शिंक येत होती, ती त्याने नाक दाबून धरली.

“तुम्ही बाजाराचं विचारलंत,” काका म्हणाले. “बाजार मी करतो. जिना चढतो. घराचं कुलूप मात्र उघडवत नाही संध्याकाळी. खाली दाराशी बसून राहतो. वरचे लोक कामावरून आले की त्यांच्यामागून चढतो, म्हणजे कोणाबरोबर तरी आत आल्यासारखं होतं. ते सुट्टीला गावाला गेले की पंचाईत होते. तुमच्या कागदावर असलं काही आहे का बघा. नसेल तर नसू दे.”

खारूताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चौकट ओली होती, तिच्या पाठीला रंग लागला, पण तिला ते कळलं नाही. पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, की इतके दिवस आपण या माणसाचे उपकार कसे घ्यायचे एवढाच विचार करत होतो.

अधिकाऱ्याने पेन पुन्हा उघडलं. कागदावरच्या गरजांच्या यादीवरून बोट खाली नेलं. “अवजड सामान हलवण्यास असमर्थ, असं एक आहे.”

“अवजड नाही म्हणालो मी.”

“ऐकलं मी ते,” अधिकारी म्हणाला. टेबलाकडे एकदा बघून त्याने कागदावर खूण केली. “मला अवजड दिसतंय.” मग खारूताईकडे वळला. “तुमचीही संमती लागते. घाई नाही, विचार करून सांगा.”

“मी एक फोन करून येते,” ती म्हणाली.

ती जिन्यात गेली. जिन्यात आवाज घुमतो, त्यामुळे आतल्या दोघांना तिचं सगळं ऐकू आलं. आधी तिने माफी मागितली. मग पलीकडच्या माणसाने बहुतेक पगार वाढवून सांगितला, कारण ती जरा वेळ गप्प झाली. काका डब्याचं झाकण उगाच पुसत राहिले. मग ती म्हणाली, “नाही हो, दुसरी कंपनी नाही. माझं लिहायचं राहिलंय.” आणि परत काहीतरी विचारल्यावर म्हणाली, “राहायचं? राहायला आहे. काकांकडे.”

अधिकारी सह्या घेऊन गेला. जाताना काकांनी त्याची बोटं टर्पेंटाइनने पुसून दिली आणि सांगितलं की कक्षातला तो पोपडा येऊन बघून जातो, पैसे नकोत.

खारूताईने जिन्यात ठेवलेली ती पुस्तकांची पिशवी आणली आणि बाईंच्या खोलीत आली. बाह्या वर सारून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली. काकांनी आपली बाजू धरली.

“थांबा,” ती म्हणाली. “आधी हे ट्रे उतरवायला नकोत का? धक्का लागला तर?”

“हं. आधी ट्रे.”

त्या दिवशी त्या खोलीला रंग लागला नाही. ट्रे उतरवता उतरवता खारूताई प्रत्येक ट्रेपाशी बसायची, भिंग लावायची, बाईंची चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि मग सांगायची, हा गेला, हा गेला, थांबा, हा आहे. जो आहे म्हणायची त्याला काका वाटीने थोडं पाणी घालायचे. तिच्या वाचण्यातलं त्यांना फारसं कळत नव्हतं. एका ठिकाणी ती अडखळली, तेव्हा ते म्हणाले, “परत वाच ते,” आणि जुन्या कागदांवर मांडी घालून बसले.